आलेखातील अकारण रेषा आणि त्या टाळण्याचे उपाय

(शिक्षक, पंचायत कर्मचारी व ग्रामस्थ यांच्यासाठी तयार केलेल्या व्याख्यानाचा पाठ)



आलेख ही वस्तू एके काळी केवळ गणिताच्या तासाला आणि वरिष्ठ कार्यालयांच्या अहवालांत आढळत असे. आता ती ग्रामपंचायतीच्या भिंतीवर आली आहे. पावसाचे मान, विहिरींची पातळी, शाळेतील पटसंख्या, दुधाचे संकलन यांचे आलेख संगणकावर काही क्षणांत तयार होतात आणि त्यांवरून निर्णयही घेतले जातात. आलेख काढण्याचे श्रम कमी झाले, ही आनंदाची गोष्ट होय. परंतु श्रम कमी झाले म्हणून दक्षता कमी करून चालत नाही. हाताने आलेख काढणारा माणूस जी चूक सहसा करीत नाही, ती संगणक निःशंकपणे करतो. एकाच चौकटीत अनेक वक्ररेषा काढावयाच्या असतात, तेव्हा एका रेषेचे शेवटचे टोक दुसरीच्या आरंभाशी जोडणारी एक उपरी रेषा आलेखात उमटते. तिचा बोध कोणत्याही नोंदीतून होत नाही, आणि तरीही ती इतर रेषांइतकीच ठळक व खरी दिसते. ही उपरी रेषा कशी निर्माण होते, तिच्यामुळे काय अनर्थ होतो आणि ती कशी टाळावी, हा आजच्या विवेचनाचा विषय आहे.

रेषा म्हणजे विधान

प्रथम एक मूलभूत गोष्ट लक्षात घेतली पाहिजे. आलेखातील बिंदू ही नोंद असते, तर दोन बिंदूंना जोडणारी रेषा हे अनुमान असते. जानेवारीत विहिरीचे पाणी अमुक खोलीवर होते व मे महिन्यात तमुक खोलीवर होते, या दोन नोंदी झाल्या. त्यांच्यामध्ये रेषा काढली, की मधल्या काळात पाणी याच क्रमाने उतरत गेले असावे, असे विधान आपण करतो. ते पुष्कळदा योग्य असते. एकाच विहिरीच्या लागोपाठच्या दोन नोंदींमध्ये असे अनुमान करण्यास आधार आहे. परंतु एका विहिरीची शेवटची नोंद आणि दुसऱ्या विहिरीची पहिली नोंद यांच्यामध्ये कोणतेही पाणी चढत वा उतरत नाही. तेथे काढलेली रेषा हे निराधार विधान ठरते.

इंग्लंडमध्ये १७८६ साली विल्यम प्लेफेअर यांनी आयात-निर्यातीचे आलेख असलेला ग्रंथ प्रसिद्ध केला. आयातीची एक आणि निर्यातीची एक अशा दोन वक्ररेषा एकाच चौकटीत शेजारी शेजारी काढण्याची पद्धत त्या ग्रंथात दिसते. हाताने रेखाटणारा माणूस पहिली रेषा संपली की लेखणी उचलतो, दुसऱ्या रेषेच्या आरंभी नेतो आणि मगच पुन्हा कागदावर टेकवितो. लेखणी उचलणे ही क्रिया इतकी स्वाभाविक आहे, की ती कोणाला शिकवावी लागत नाही.

यंत्राला मात्र ती शिकवावी लागते. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात संगणकाला जोडलेली रेखन-यंत्रे आली. त्यांत खरोखरीची लेखणी कागदावर फिरत असे. त्या काळच्या फोरट्रान भाषेतील प्रसिद्ध आज्ञेत प्रत्येक बिंदूबरोबर एक सांकेतिक अंक द्यावा लागे. २ म्हणजे लेखणी टेकवून जा आणि ३ म्हणजे लेखणी उचलून जा. नव्या वक्ररेषेच्या पहिल्या बिंदूला ३ देण्याचे राहिले, की कागदावर आडवी-तिडवी रेघ उमटलीच म्हणून समजावे. आजच्या संगणकात ती लेखणी राहिली नाही, पण तत्त्व तेच राहिले आहे. शाळेतील मुले लोगो वा स्क्रॅच शिकतात, तेव्हा ‘पेन अप’ आणि ‘पेन डाउन’ या आज्ञा त्यांना भेटतात. संकेतस्थळाच्या पानावर चित्र काढणाऱ्या आज्ञांत ‘मूव्ह-टू’ म्हणजे न रेखाटता जा आणि ‘लाइन-टू’ म्हणजे रेखाटत जा, असा भेद असतो. पायथन, आर यांसारख्या भाषांतील आलेखाच्या तयार आज्ञांत लेखणी दिसत नाही. त्यामुळे ती उचलावयाची आहे, हेही ध्यानात राहत नाही. चुकीचे मूळ येथे आहे.

दोन विहिरींचे उदाहरण

गोव्यात जांभ्या खडकाची भूमी पुष्कळ आहे. तेथील विहिरी पावसाळ्यात लवकर भरतात आणि उन्हाळ्यात झपाट्याने उतरतात. केंद्रीय भूजल मंडळ निरीक्षण-विहिरींची पातळी सर्वसाधारणपणे वर्षातून चार वेळा मोजते. या मोजण्या जानेवारीत, पावसापूर्वीच्या उन्हाळ्यात, ऑगस्टमध्ये आणि नोव्हेंबरमध्ये होतात. हाच परिपाठ धरून दोन काल्पनिक विहिरींचे आकडे घेऊ. पातळी जमिनीपासून किती मीटर खाली, अशी मोजलेली आहे.

वरच्या वाड्यावरील विहीर : जानेवारी ४.०, मे ७.५, ऑगस्ट १.५, नोव्हेंबर २.५.

खालच्या वाड्यावरील विहीर : जानेवारी ५.०, मे कोरडी, ऑगस्ट २.०, नोव्हेंबर ३.०. या विहिरीचा तळ ९ मीटरवर आहे.

नोंदवहीत ही माहिती बहुधा एकाखाली एक अशी लिहिलेली असते. एका स्तंभात विहिरीचे नाव, दुसऱ्यात महिना, तिसऱ्यात पातळी, अशा आठ ओळी होतात. आता कोणी संगणकाला एवढेच सांगितले, की महिना आडव्या अक्षावर आणि पातळी उभ्या अक्षावर घेऊन रेषा काढ, तर संगणक काय करील? तो विहिरीचे नाव पाहत नाही. त्याच्या दृष्टीने तो आठ ओळींचा एकच क्रम आहे. तो पहिल्या ओळीपासून आठव्या ओळीपर्यंत बिंदू जोडत जातो. चौथी ओळ वरच्या वाड्याचा नोव्हेंबर आणि पाचवी ओळ खालच्या वाड्याचा जानेवारी. म्हणून आलेखाच्या उजव्या टोकापासून डाव्या टोकापर्यंत, कालाच्या उलट दिशेने जाणारी एक लांब रेषा निघते.

ही रेषा निरुपद्रवी आहे असे समजू नये. ती २.५ मीटरपासून ५.० मीटरपर्यंत जाते, आणि वाटेत मे महिन्यावरून जाताना ४.० मीटर दाखविते. मे महिन्यात वरच्या वाड्यावरील पाणी ७.५ मीटर खाली होते आणि खालच्या वाड्यावरील विहीर कोरडी होती. आलेख पाहणाऱ्याला मात्र त्या महिन्यात ४ मीटरवर पाणी असल्याचा भास होतो. टँकर कोठे पाठवावयाचा, हे ठरविणाऱ्या माणसाच्या हाती असा आलेख पडला, तर त्या रेषेची किंमत कोणाला मोजावी लागेल, हे सांगण्याची आवश्यकता नाही.

दोषाची लक्षणे

वैद्य जसा लक्षणांवरून रोग ओळखतो, तसा आलेखाच्या आकारावरून दोष ओळखता येतो. मुख्य लक्षणे दोन आहेत.

पहिले लक्षण म्हणजे डावीकडे परत फिरणारी लांब सरळ रेषा. माहिती विहीरवार लावलेली असून सर्व विहिरी एकाच रेषेत गुंफल्या गेल्या, तर हे लक्षण दिसते. विहिरी जितक्या असतील त्याहून एक कमी इतक्या अशा परतरेषा मोजता येतात. पाच विहिरी असतील तर चार. रेषांची संख्या अशी जुळली, की निदान निश्चित झाले.

दुसरे लक्षण म्हणजे करवतीच्या दातांसारखी वर-खाली जाणारी रेषा. नोंदवही तारीखवार असली, म्हणजे एकाच दिवशी सर्व विहिरी मोजून ओळीने लिहिल्या असल्या, की प्रत्येक तारखेला रेषा एका विहिरीवरून दुसरीवर उडी मारते. आर भाषेतील जीजीप्लॉट-दोन या साधनाची ‘जिऑम-लाइन’ ही आज्ञा बिंदू आडव्या अक्षाच्या क्रमाने आपणहून लावून घेते. म्हणून तेथे गट सांगावयाचा राहिला, तर परतरेषेऐवजी करवतच दिसते. पायथनमधील मॅटप्लॉटलिब हे साधन मात्र बिंदू दिलेल्या क्रमानेच जोडते, स्वतः क्रम लावीत नाही.

याच कारणाने तिसरा एक गोंधळ संभवतो. विहीर एकच असली तरी नोंदी तारखेच्या क्रमाने नसल्या, उशिरा आलेला कागद वहीच्या शेवटी नोंदवला गेला असला, तर रेषा पुढे जाऊन मागे येते आणि जाळे विणल्यासारखी दिसते. येथे गट करण्याने काम भागत नाही. नोंदी तारखेनुसार लावून घ्याव्या लागतात.

उपाय : प्रत्येकाची रेषा स्वतंत्र

मूळ उपाय सोपा आहे. जी वस्तू भिन्न आहे, तिची रेषा भिन्न आज्ञेने काढावी. संगणकाला द्यावयाच्या सूचना मराठीत मांडल्या, तर त्या अशा होतील :

प्रत्येक विहिरीसाठी पुढील कामे कर.
त्या विहिरीच्या ओळी तेवढ्या वेगळ्या काढ.
त्या तारखेनुसार लाव.
त्यांची एक रेषा काढ आणि तिला विहिरीचे नाव दे.
पुढच्या विहिरीकडे जा.

पायथनमध्ये ‘ग्रुपबाय’ ही आज्ञा ओळींचे विहीरवार गट पाडते, ‘सॉर्ट-व्हॅल्यूज’ त्यांना क्रम लावते, आणि गटागणिक ‘प्लॉट’ ही आज्ञा एकदा दिली, की प्रत्येक वेळी नवी रेषा नव्या रंगात सुरू होते. प्रत्येक नवी ‘प्लॉट’ आज्ञा म्हणजे लेखणी उचलून पुन्हा टेकविणे, असे मुलांना सांगितले तर ते त्यांना चटकन समजते. जीजीप्लॉट-दोनमध्ये रंग अथवा ‘ग्रुप’ या ठिकाणी विहिरीच्या नावाचा स्तंभ दिला, की हेच काम होते. ग्नूप्लॉट नावाच्या जुन्या आणि अद्याप वापरात असलेल्या साधनात माहितीच्या धारिकेत एक कोरी ओळ सोडली की रेषा तुटते, आणि दोन कोऱ्या ओळी सोडल्या की माहितीचा नवा संच सुरू होतो.

एक्सेलसारख्या कोष्टक-पत्रकात प्रत्येक विहिरीला स्वतंत्र स्तंभ द्यावा. महिना पहिल्या स्तंभात, वरचा वाडा दुसऱ्यात, खालचा वाडा तिसऱ्यात, अशी मांडणी केली म्हणजे प्रत्येक स्तंभाची रेषा आपोआप वेगळी होते. नोंदवही लिहिताना एकाखाली एक मांडणी सोयीची असते, तर आलेखासाठी शेजारी शेजारी मांडणी सोयीची असते. दोन्ही पद्धती आपापल्या जागी योग्य आहेत. एकीतून दुसरीत जाण्यासाठी पत्रकात ‘पिव्हट’ या नावाची सोय असते.

हीच दक्षता वर्षांच्या तुलनेतही घ्यावी लागते. दहा वर्षांचा मासिक पाऊस एकमेकांवर ठेवून पाहावयाचा असतो, तेव्हा आडव्या अक्षावर जानेवारी ते डिसेंबर एवढेच महिने असतात. येथे पर्जन्यमापक एकच असला तरी वर्षे दहा आहेत, म्हणून रेषाही दहा हव्यात. वर्षाचा गट न केल्यास प्रत्येक डिसेंबर पुढच्या जानेवारीला आलेखभर मागे जाऊन जोडला जातो. उलट, आडव्या अक्षावर पूर्ण तारीख घेतली, तर डिसेंबर आणि पुढचा जानेवारी हे खरोखरीच शेजारी असतात, आणि त्यांना जोडणारी रेषा योग्यच ठरते. यावरून असे दिसून येईल, की कोणतीही जोडरेषा मूलतः चूक वा बरोबर नसते. अक्षावर काय घेतले आहे, यावर ते अवलंबून राहते.

नोंद नसेल तेथे काय करावे

आता खालच्या वाड्यावरील विहिरीच्या मे महिन्याकडे वळू. हा या विषयाचा सर्वांत नाजूक भाग आहे. विहीर कोरडी असल्याने तेथे आकडा नाही. संगणकापुढे तीन मार्ग असतात आणि तिन्हींचे परिणाम भिन्न आहेत.

पहिला मार्ग, रिकाम्या जागी शून्य धरणे. पातळी जमिनीपासून खाली मोजलेली असल्याने शून्य म्हणजे पाणी जमिनीला टेकले, विहीर काठोकाठ भरली! ज्या महिन्यात विहीर कोरडी पडली, त्याच महिन्यात ती तुडुंब भरल्याचे आलेख सांगतो. याहून मोठा विपर्यास कोणता असू शकेल?

दुसरा मार्ग, ती ओळ गाळून टाकणे आणि उरलेले बिंदू जोडणे. ‘रिकाम्या ओळी काढून टाका’ ही सवय माहिती स्वच्छ करणाऱ्यांच्या अंगवळणी पडलेली असते. तसे केल्यास जानेवारीचे ५.० आणि ऑगस्टचे २.० हे दोन बिंदू थेट जोडले जातात. ही रेषा मे महिन्यावरून सुमारे ३.३ मीटरवर जाते. म्हणजे कोरड्या विहिरीत वरच्या वाड्यापेक्षाही अधिक पाणी दिसू लागते. जानेवारीपासून ऑगस्टपर्यंत पाणी सतत चढतच गेले, असा इतिहास त्या रेषेने रचला. उन्हाळा जणू आलाच नाही.

तिसरा मार्ग, तेथे रेषा तोडणे. तिन्हींमध्ये हाच एक प्रामाणिक आहे. संगणकात यासाठी ‘नॅन’ या नावाचे एक विशेष मूल्य असते. ‘हा अंक नव्हे’ असा त्याचा अर्थ आहे. संगणकातील चल-बिंदू (‘फ्लोटिंग पॉइंट’) अंकांच्या गणनेविषयी १९८५ साली प्रसिद्ध झालेल्या मानकात या मूल्याची व्याख्या करण्यात आली. पायथन, मॅटलॅब इत्यादी साधनांत रेषेच्या मध्ये ‘नॅन’ आले, की रेषा तेथे तुटते आणि पुढच्या खऱ्या आकड्यापासून पुन्हा सुरू होते. आर भाषेत ‘एनए’ हे मूल्य तेच कार्य करते. यास्तव रिकामी ओळ गाळू नये. ती रिकामी म्हणूनच जागेवर ठेवावी. नोंदवहीत ओळच लिहिली गेली नसेल, तर वर्षभराच्या ठरलेल्या तारखांची यादी आधी करून तिच्यात उपलब्ध आकडे भरावेत. जेथे आकडा मिळणार नाही तेथे ‘नॅन’ आपोआप राहील.

या ठिकाणी तीन व्यावहारिक सूचना उपयोगी पडतील. पहिली, आकड्यांच्या स्तंभात ‘कोरडी’ असा शब्द लिहू नये. त्या एका शब्दामुळे संगणक सबंध स्तंभच अक्षरांचा समजतो आणि आकडेही शब्दांसारखे मांडतो. आकड्याची जागा रिकामी ठेवून ‘कोरडी’, ‘कुलूप असल्याने मोजता आली नाही’, ‘पथक आले नाही’ असे शेरे शेजारच्या स्तंभात लिहावेत. दुसरी, रेषेबरोबर बिंदूही ठळक दाखवावेत. खालच्या वाड्याच्या वर्षाचा आरंभ जानेवारीने होतो आणि मे रिकामा आहे. म्हणजे जानेवारीच्या बिंदूला जोडण्यास कोणी शेजारीच नाही. केवळ रेषा काढली तर ती खरी नोंद आलेखातून अदृश्य होते. ठिपका दिला तर ती टिकते. तिसरी, एक्सेलमध्ये ‘सिलेक्ट डेटा’ या जागी ‘हिडन अँड एम्प्टी सेल्स’ ही सोय आहे. तेथे ‘गॅप्स’, ‘झिरो’ आणि ‘कनेक्ट डेटा पॉइंट्स विथ लाइन’ असे तीन पर्याय दिसतात. वर सांगितलेले तीन मार्ग ते हेच. लिबर-ऑफिसच्या पत्रकातही तशीच निवड आहे. मात्र कप्प्यात सूत्राने आणलेला कोरा मजकूर असेल, तर तो डोळ्यांना रिकामा दिसला तरी एक्सेल त्याला रिकामा मानीत नाही, रेषेच्या आलेखात शून्यावर नेतो. याकडे लक्ष असू द्यावे.

कोरडी विहीर आणि न मोजलेली विहीर यांच्यातील भेदही आलेखात राहिला पाहिजे. न मोजलेल्या विहिरीविषयी काहीच ठाऊक नसते. कोरड्या विहिरीविषयी मात्र एक महत्त्वाची गोष्ट ठाऊक असते, ती अशी की पाणी तळाच्याही खाली गेले आहे. म्हणून न मोजल्याच्या जागी नुसता खंड ठेवावा, आणि कोरडी असल्याच्या जागी रेषा तोडून तळाच्या खोलीवर, आपल्या उदाहरणात ९ मीटरवर, पोकळ त्रिकोणासारखे वेगळे चिन्ह द्यावे व त्याचा अर्थ आलेखाखाली लिहावा. पाहणाऱ्याच्या दृष्टीने हे चिन्ह सबंध आलेखातील सर्वांत उपयुक्त खूण ठरेल.

आणखी एका ठिकाणी रेषा तोडणे आवश्यक असते. मोजण्याची पद्धत बदलली, की जुन्या व नव्या नोंदी एका रेषेत गुंफू नयेत. पूर्वी पातळी जमिनीपासून मोजीत आणि पुढे नव्या बांधलेल्या कठड्याच्या माथ्यापासून मोजू लागले, तर कठडा जितका उंच तितके पाणी एकाएकी खाली गेल्यासारखे दिसेल. कठड्याची उंची वजा करून आकडे सारखे करता आले तर उत्तम. तसे करता येत नसेल, तर बदलाच्या तारखेला रेषा तोडावी आणि कारण लिहावे. विहीर खोल केली, पर्जन्यमापक दुसऱ्या जागी हलविला, शाळेच्या दोन तुकड्या एक केल्या, या सर्व प्रसंगी हाच नियम लागू पडतो.

गणिताच्या वर्गात

शिक्षकांना हा दोष दुसऱ्या वेषात भेटतो. स्पर्शिका-फलाचा, म्हणजे ‘टॅन’चा आलेख संगणकावर काढला, की ९० अंशांपाशी एक उभी रेषा दिसते. विद्यार्थी तिला आलेखाचाच भाग समजतात. वस्तुतः ८९ अंशांवर त्या फलाचे मूल्य सुमारे ५७.२९ असते आणि ९१ अंशांवर सुमारे उणे ५७.२९. ९० अंशांवर मूल्यच नाही. दोन अंशांच्या टप्प्याने ८९ नंतर थेट ९१ घेतले, तर संगणक हे दोन बिंदू मुकाट्याने जोडतो आणि जेथे फल नाही तेथे रेषा काढतो. नेमके ९० अंश घेतले तर आणखी चमत्कार घडतो. पायची किंमत संगणकात पूर्ण मावत नसल्यामुळे उत्तर ‘नाही’ असे न येता १६ वर पंधरा शून्ये इतके प्रचंड येते, आणि त्या एका बिंदूपुढे बाकीचा आलेख सपाट होतो.

उपाय पूर्वीचाच आहे. एक तर ९० च्या अलीकडचा आणि पलीकडचा भाग स्वतंत्र रेषांनी काढावा. नाही तर मूल्य, चिन्ह सोडून, १० पेक्षा मोठे झाले की तेथे ‘नॅन’ ठेवावे. एका अंशाच्या टप्प्याने काढल्यास ८५ ते ९५ अंश एवढा भाग रिकामा राहतो आणि दोन्ही शाखा स्पष्टपणे अलग दिसतात. फलाचे सातत्य ही कल्पना फळ्यावर समजावून सांगण्यास यासारखे दुसरे साधन नाही. लेखणी न उचलता जो काढता येतो तो आलेख सातत्याचा, असे ढोबळ लक्षण वर्गात सांगण्याचा प्रघात आहेच. येथे विद्यार्थी ती लेखणी स्वतः उचलतो.

वाऱ्याच्या दिशेचा आलेखही असाच फसवा असतो. दिशा ० ते ३६० अंशांत मोजतात. वारा ३५० अंशांवरून १० अंशांवर वळला, तर तो उत्तरेच्या आसपास केवळ २० अंश फिरलेला असतो. आलेखातील रेषा मात्र माथ्यापासून पायथ्यापर्यंत कोसळते आणि वाटेत दक्षिणही दाखविते. लागोपाठच्या दोन नोंदींत १८० अंशांहून अधिक अंतर पडले, की तेथे रेषा तोडावी, किंवा दिशेसाठी केवळ ठिपके काढावेत.

आलेख प्रसिद्ध करण्यापूर्वी

कार्यालयातील वा शाळेतील कोणताही आलेख भिंतीवर लावण्यापूर्वी वा अहवालात जोडण्यापूर्वी पुढील तपासणी करण्याची प्रथा पाडावी. तिला पाच मिनिटांहून अधिक वेळ लागत नाही.

१. आलेखातील रेषांची संख्या मोजावी. ती विहिरींच्या, शाळांच्या वा वर्षांच्या संख्येइतकीच आहे काय?

२. कोणतीही रेषा उजवीकडून डावीकडे जाते काय? कालाच्या आलेखात तसे कधीच घडू नये.

३. आधी केवळ ठिपके काढून पाहावेत, नंतर रेषा जोडावी. जी रेषा ठिपक्यांतून सुचत नाही, तिच्याविषयी शंका घ्यावी.

४. नोंदवहीतील एकूण नोंदी आणि आलेखातील ठिपके यांची संख्या जुळते काय? रिकाम्या नोंदी किती व कोणत्या, हे आलेखाखाली लिहिले आहे काय?

५. आलेखातील कोणत्याही एका रेषेवर बोट ठेवून विचारावे, ही रेषा कोणत्या दोन नोंदींना जोडते? उत्तर नोंदवहीत सापडले पाहिजे.

या पाचही गोष्टींसाठी संगणकाचे विशेष ज्ञान लागत नाही. पहिल्या, दुसऱ्या आणि पाचव्या प्रश्नाचे उत्तर तर ज्याला आपल्या गावच्या विहिरी ठाऊक आहेत, असा कोणताही ग्रामस्थ देऊ शकेल. किंबहुना तोच ते अधिक चांगले देईल. मे महिन्यात खालच्या वाड्यावरील विहिरीत ३.३ मीटरवर पाणी दाखविणारा आलेख कचेरीत बसलेल्या माणसाला कदाचित पटेल, पण त्या विहिरीवर रिकामी घागर घेऊन गेलेल्या बाईला तो पटणार नाही. म्हणून आलेख अंतिम करण्यापूर्वी तो ग्रामसभेत मांडावा आणि माहितगारांचे आक्षेप नोंदवून घ्यावेत. शाळांतूनही असे करता येईल. विद्यार्थ्यांनी स्वतः मोजलेल्या दोन विहिरींचे वर्षभराचे आकडे घेऊन प्रथम मुद्दाम सदोष आलेख काढावा, त्यातील उपरी रेषा शोधावी, आणि मग लेखणी कोठे उचलावयाची ते ठरवून तो दुरुस्त करावा. एका तासाच्या या पाठात भूगोल, गणित आणि संगणक हे तिन्ही विषय येतात.

संगणक दिलेल्या क्रमाने बिंदू जोडतो, त्यापलीकडे त्याला काही कळत नाही. कोणते बिंदू एका घरचे आणि कोणते परक्या घरचे, हे सांगण्याची जबाबदारी आलेख काढणाऱ्याची आहे. ती पार पाडण्यास दोन नियम पुरेसे आहेत. वस्तू भिन्न असेल तर रेषा भिन्न काढावी, आणि एकाच वस्तूच्या नोंदींत खंड असेल तर तो खंड तसाच दाखवावा. पंचायतींनी व शाळांनी येत्या पावसाळ्यानंतरच्या नोंदींपासून या दोन नियमांचा अवलंब करावा, एवढी विनंती करून हे विवेचन येथे पूर्ण करण्यात येत आहे.